ऑक्टोबरची ओळ

आमच्या मागच्या बागेत कपडे वाळत घालायच्या खांबाला एक थर्मामीटर टांगलेला आहे, आणि तो आमचा नाही. तो मानेकाकांचा आहे. एक आमच्याकडे, एक पलीकडच्या पंजाबी बाईंच्या शेडवर, एक कोपऱ्यावरच्या चर्चच्या कुंपणाला, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी किती ते त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंनाही सांगता येणार नाही. सगळ्यांची परवानगी रीतसर घेतली होती असं काका म्हणतात. मला तरी आठवत नाही.

मार्च उजाडला की रोज सकाळी साडेसहाला आमचं बाजूचं फाटक वाजतं. मी गाऊनमध्ये चहाचं आधण ठेवत असते आणि खिडकीबाहेर एक हिरवी लोकरीची टोपी वाकलेली दिसते. टोपी वर येते, खाली चष्मा येतो. काका गुड मॉर्निंग म्हणत नाहीत, कशा आहात विचारत नाहीत. नुसतं "अडीच" म्हणतात. एखाद्या दिवशी "पावणेचार". मग खिशातली वही काढून आकडा लिहितात आणि पंजाबी बाईंकडे जातात. पुण्याहून माझा भाऊ आला होता, त्याला तीन दिवस हा माणूस गॅसचा मीटर बघायला येतो असंच वाटत होतं.

काका मूळचे तासगावचे. घरची द्राक्षबाग थोरल्या भावाकडे, दादांकडे राहिली आणि धाकटे दिनकर माने इंग्लंडात, स्लाऊला आले. ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका बिस्किटाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी ओव्हनचं तापमान सांभाळलं. रिटायर झाले तेव्हा वाटलं, सुटले गरमीतून. तर त्यांनी थंडी धरली. अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिल भाजी लावायला देते त्या पट्टीवर, सगळ्यांनी बटाटे आणि रुबार्ब लावले. काकांनी पंधरा वेली लावल्या. साध्या खायच्या नव्हेत, व्हाइट वाइनच्या द्राक्षांच्या.

गंमत अशी की काका वाइन पीत नाहीत. दुसऱ्याच्या बागेची चव बघायची वेळ आली तर तोंडात घोळवून थुंकतात आणि वर पाण्यानं चूळ भरतात. सुमनकाकू तर मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना "बेदाण्यासाठी लावलीत" असं सांगतात. इंग्लंडच्या उन्हात बेदाणा वाळेपर्यंत माणूस वाळेल, पण कोणी त्यांना उलटून विचारत नाही.

काकांचं आयुष्यातलं एकच तत्त्वज्ञान आहे, आणि ते भेटल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगून होतं. "ताई, थंडी पाण्यागत असती. उतारानं वाहती आणि खड्ड्यात जाऊन बसती." त्यामुळे जगात दोनच प्रकारच्या जागा: उतारावरच्या आणि खड्ड्यातल्या. आम्ही हौसेनं नवीन घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या काकांनी मागच्या दारातून एकदा बघितलं आणि म्हणाले, "खड्ड्यात हाय." माझ्या नवऱ्याचा, अजितचा, चेहरा जो पडला तो जेवण होईपर्यंत वर आला नाही.

मी कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात नकाशे तपासते. लोकांना नाही म्हणायचा मला पगार मिळतो म्हणा ना. माझा स्वभावही मुळात तोडून बोलायचा. फोनवर मी 'बरं' म्हणते आणि ठेवते. माझी आईसुद्धा तक्रार करते की हिच्याशी बोलणं म्हणजे दार तोंडावर आपटून घेणं. अशा बाईकडे काका एका रविवारी आलेखाच्या कागदाची गुंडाळी घेऊन आले आणि म्हणाले, नवीन बाग काढायचीय, नकाशा तुम्हीच काढायचा. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या कागदावर त्यांनी पट्टीशिवाय, हातानं, एक टेकडी काढली होती, आणि ती इतकी सरळ, स्वच्छ काढली होती की मी बघतच राहिले.

टेकडी खरी होती. आमच्याकडून चाळीस मिनिटांवर, चिल्टर्नच्या टेकड्यांच्या कुशीत, मार्गारेट नावाच्या एका विधवा बाईंची. दोन एकर, दक्षिणेकडे उतार, वरच्या पातळ मातीखाली पांढरी चुनखडी. काका पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी मातीचा खडा उचलून जिभेला लावला. मार्गारेटच्या कुत्र्यानं ते बघितलं आणि तोही माती चाटायला लागला. बाईंना हसू आलं आणि तिथून ओळख वाढली.

पण मार्गारेट भोळी नव्हती. उताराच्या तळाशी तिच्या नवऱ्यानं, जिमनं, सफरचंदाची झाडं लावली होती. दर मे महिन्यात मोहर यायचा आणि दर मे महिन्यात फ्रॉस्ट, म्हणजे पहाटेचं गोठलेलं दव, तो जाळून टाकायचा. पंधरा वर्षं जिम त्या झाडांशी झगडला आणि झगडत असतानाच गेला. आणखी एका माणसाचं डोकं त्याच टेकडीवर आपटलेलं मला बघायचं नाही, असं तिनं काकांना स्वच्छ सांगितलं. घोडे ठेवायला ती जमीन मागणारे लोक होतेच. शेवटी असं ठरलं की काकांनी आधी साठ वेली लावून दाखवायच्या, सहा ओळी, दहा-दहाच्या. तिसऱ्या वसंतात, मे महिन्याचा मध्य उलटेपर्यंत त्यांची पालवी टिकली तर पंचवीस वर्षांचा करार. नाही टिकली तर घोडे.

काका तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. पंचवीस वर्षांचा करार त्यांना कशाला हवा होता हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं मी नकाशे काढत होते आणि काका ते खोडत होते. ओळी उत्तर-दक्षिण. मग नको, जरा पूर्वेला कलत्या. दोन ओळींत दोन मीटर; नको, ट्रॅक्टर वळायला सव्वादोन. खालच्या कुंपणाला एक फाटक पाहिजेच, आणि थंडीच्या रात्री ते उघडं पाहिजे. "थंडीला जायला दार नको का?" असं ते एखाद्या पाहुण्याची व्यवस्था लावावी तसं विचारायचे. मी चिडायचे. रात्री स्वयंपाक झाल्यावर ओट्यावर कागद पसरून पुन्हा आखायचे. अजित म्हणायचा, आपल्या एक्स्टेन्शनचा नकाशा चार वर्षं पडून आहे.

आता छाटणीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं.

तासगावाकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. त्यातली फळाची छाटणी ऑक्टोबरात. त्या छाटणीवर गावाचं वर्ष उभं असतं. इंग्लंडात तसं चालत नाही. इथे वेल हिवाळाभर झोपते, आणि छाटायची ती जितकी उशिरा, मार्चअखेरीस, तितकी बरी. लवकर छाटली तर वेल लवकर जागी होते, कोवळी पानं एप्रिलमध्येच बाहेर येतात आणि मेच्या फ्रॉस्टमध्ये सापडतात. काकांनी अलॉटमेंटवर पहिल्या वर्षी सवयीनं ऑक्टोबरात कात्री चालवली होती, आणि मेमध्ये पंधराच्या पंधरा वेली काळ्या पडल्या होत्या. शेजारच्या पट्टीवाल्या म्हाताऱ्यानं रुबार्बची जुडी आणून दिली, मयताला द्यावी तशी. तेव्हा काकांनी कानाला खडा लावला. टेकडीवर मार्चशिवाय कात्री लावणार नाही असं त्यांनी मार्गारेटला, मला आणि सुमनकाकूंना, तिघींना एकेकीला गाठून सांगितलं होतं.

तिसऱ्या वसंतात, एप्रिलच्या मध्याला, मी त्यांना गाडीनं टेकडीवर घेऊन गेले. काका गाडी चालवत नाहीत. शेजारी बसून उतार बघतात. वरच्या फाटकातून आत शिरल्याबरोबर मला पहिली ओळ दिसली. हिरवी. डोळ्यांत भरेल इतकी हिरवी. मागच्या पाच ओळींवर नुसते कापसाच्या बोंडासारखे मिटलेले डोळे, म्हणजे कोंब, होते आणि या दहा वेलींची पानं सुटून रुपयाएवढी झाली होती.

मला वेलींतलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. मी विचारलं, ही ओळ कधी छाटली? काका टोपी सारखी करायला लागले.

"ऑक्टोबरात."

मी तोंडाला येईल ते बोलले. दोन वर्षं रात्री जागून नकाशे काढले ते कशासाठी, तुम्हाला एवढं साधं वचन पाळता येत नाही का, आणि नेमकी फाटकाजवळची ओळ, बाईंच्या डोळ्यांसमोरची. ज्या माणसाकडे चर्चच्या कुंपणाच्या तापमानाबद्दलही बोलायला अर्धा तास असतो, तो गप्प बसला की राग आणखी चढतो.

त्यानंतरचे तीन आठवडे मी नीट झोपले नाही, हे आता कबूल करते. साडेसहाला फाटक वाजायच्या आधीच माझे डोळे उघडायचे. काका "साडेतीन" म्हणाले की मी श्वास सोडायचे. "दीड" म्हणाले की दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागायचं नाही; एका गृहस्थांच्या कन्झर्व्हेटरीला, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीला, मी त्या तिरमिरीतच नकार लिहिला होता, तो दुसऱ्या दिवशी फाडावा लागला. टेकडीवर स्लाऊपेक्षा दोन अंश कमी धरायचे, हे गणित तोवर मलाही पाठ झालं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात मागच्या ओळींचीही पानं सुटली. आता सगळ्याच साठ वेली उघड्यावर होत्या. पंधरा तारखेपर्यंत आठ दिवस राहिले होते.

आणि रेडिओनं सांगितलं: आकाश निरभ्र, वारा नाही, पहाटे उणे दोन.

त्या दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. झाडांवर पांघरायचं ते पातळ पांढरं कापड, फ्लीस म्हणतात त्याला, घ्यायला आम्ही गार्डन सेंटरला गेलो. रेडिओ सगळ्यांनीच ऐकला होता. तीनच रोल उरले होते. आणखी दोन दुकानं पालथी घातली, तिथे एकही नाही. काकांनी उभ्या उभ्या वहीत हिशेब केला आणि म्हणाले, पाच ओळी झाकतील. सहावी न्हाई.

टेकडीवर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. हवा अशी स्वच्छ की भीती वाटावी. काकांनी आधी खाली जाऊन थंडीचं दार उघडून ठेवलं. मग आम्ही कामाला लागलो. ते कापड धरायचे, मी सुमनकाकूंच्या पिशवीतले कपड्यांचे चिमटे लावायचे. मी म्हटलं, फाटकाजवळच्या ओळीपासून सुरू करू, तीच सगळ्यात पुढे गेलीय, तिलाच जास्त धोका. ते सरळ दुसऱ्या ओळीकडे गेले. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "तिचं पाप माझं हाय. मागच्यांचं काय चुकलंय?"

पाच ओळी झाकून होईपर्यंत साडेआठ झाले. टेकडीवर पन्नास पांढरी गाठोडी बसली होती. पहिल्या ओळीच्या दहा वेली तेवढ्या उघड्या. माझी बोटं गारठली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मला परत एकदा विचारायचं होतं. या वेळी मी रागानं विचारलं नाही. म्हटलं, काका, तुम्हाला सगळं कळत होतं ना? मग का छाटली?

काका वेलींच्या तारेला धरून उभे होते. मग ते बोलायला लागले, टेकडीकडे बघत, माझ्याकडे नाही.

दरवर्षी ऑक्टोबरात, छाटणीच्या पहिल्या दिवशी, ते दादांना फोन करायचे. तिकडे साडेअकरा, इकडे सकाळचे सात. दादा बागेत, काका अलॉटमेंटवर. बोलणं फारसं नसायचं. दादा म्हणायचे, चालव. दोघं एकदमच कात्री चालवायचे. दादा तिकडे पहिली वेल छाटायचे आणि काका इकडे एक फांदी, नावाला. अलॉटमेंटवर पहिल्या वर्षी बोलता बोलता सगळी बागच छाटून झाली होती, ती अशी. मला आम्ही सगळे त्यावर किती हसलो होतो ते आठवलं.

"गेल्या ऑक्टोबरात दादा अंथरुणावर होते. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. वैनीनं फोन कानाला धरला. मी पहिल्या बसनं येऊन इथंच उभा होतो. म्हटलं, दादा, चालवू का? तिकडनं नुसता श्वास. मग मी फोन कात्रीपाशी धरला आणि एक फांदी तोडली. आवाज ऐकवला." त्यांनी टोपी सारखी केली. "एक वेल करून थांबणार होतो, ताई. पण वैनी म्हणाली, थांबू नका, डोळं उघडलंय त्यांनी. मग दुसरी केली. तिसरी केली. दहाव्या वेलीला फोन कार्ड संपलं."

दादा जानेवारीत गेले हे मला माहीत होतं. आम्ही भेटायला गेलो होतो. काकांनी चहा दिला होता आणि घरातलं तापमान सांगितलं होतं. मी बाहेर पडताना अजितला म्हटलं होतं, या माणसाला काही वाटतं की नाही. ते वाक्य मला त्या टेकडीवर असं लागलं की मी तोंड फिरवून उगाच चिमटे मोजायला लागले.

निघताना काकांनी अंगातला कोट काढला, ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दहाव्या वेलीवर घातला. बटणंसुद्धा लावली. गाडीत ते कुडकुडत होते. मी हीटर पूर्ण सोडला.

पहाटे पाचला आम्ही परत फाटकात होतो. गवत पांढरं पडलं होतं, पायाखाली करकरत होतं. काका थर्मामीटरपाशी वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"उणे अडीच," ते म्हणाले.

ऊन वर येईपर्यंत कापड काढायचं नसतं. तीन तास आम्ही गाडीत बसलो. आठच्या सुमारास मार्गारेट गमबूट घालून, थर्मास घेऊन आली. तिघांनी मिळून एकेक कापड उचललं. पहिल्या गाठोड्याखाली हिरवं. दुसऱ्याखाली हिरवं. मला मोठ्यानं मोजायची सवय आहे, पण त्या दिवशी मी मनातच मोजत होते. दोन-तीन पानांच्या कडा काळवंडल्या होत्या, बाकी पन्नासच्या पन्नास वेली जिवंत होत्या.

मग आम्ही पहिल्या ओळीकडे आलो. नऊ वेलींची पानं उकळत्या पाण्यात बुचकळल्यासारखी लोळत होती. दहावीवर कोट होता. काकांनी बटणं सोडली. ती हिरवी होती.

मार्गारेटनं विचारलं, या ओळीचं काय झालं? मी काकांकडे बघितलं. आता तरी सांगा, असं मला वाटत होतं. काका त्यांच्या कारखान्यातल्या इंग्रजीत एवढंच म्हणाले की चूक माझी, लवकर छाटली. बाई म्हणाल्या, मग या उपटून नवीन लावायच्या का? काकांनी मान हलवली. प्रत्येक डोळ्यामागे आणखी एक डोळा असतो, तो महिन्याभरात फुटतो, या परत येतील.

"जिमही दर वर्षी हेच म्हणायचा," मार्गारेट म्हणाली, आणि खालच्या सफरचंदांकडे बघत बसली. थर्मासचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं होतं. मग तिनं मला विचारलं, नकाशा आणलाय का?

नकाशा गाडीत होता. गेली दोन वर्षं तो गाडीतच असायचा. पुढच्या आठवड्यात, पंधरा तारीख उलटल्यावर, वकिलासमोर सह्या झाल्या. काकांनी सही केली आणि खोलीतलं तापमान बघायला भिंतीकडे गेले.

नऊ वेली जूनमध्ये खरंच फुटल्या. अंतिम नकाशात दोन एकरांवर ओळींना आकडे आहेत. फक्त पहिल्या ओळीवर आकडा नाही, तिथे मी 'ऑक्टोबर' लिहिलं. काकांनी नकाशा डोळ्यांजवळ धरून तपासला. त्यांनी खोडला नाही असा तो माझा पहिला नकाशा. फ्लीसचा एक जास्तीचा रोलही मी उन्हाळ्यातच आणून गराजमध्ये टाकला. अजितनं विचारलं कशाला, तर म्हटलं असू दे.

मग ऑक्टोबर आला. एका सकाळी सातला मी सँडविचं बांधत असताना फोन वाजला. मी हॅलो म्हटलं. पलीकडून कोणी बोललं नाही, आकडासुद्धा सांगितला नाही. वाऱ्याचा आवाज येत होता. मी नेहमीप्रमाणे फोन ठेवणारच होते, तेवढ्यात जवळून, अगदी कानाशी, कात्री चालली.

मी खुर्ची ओढून बसले. अजित दारातून खुणेनं विचारत होता, कोण आहे? मी त्याला हातानं थांबवलं. दुसरी वेल झाली. मध्ये चालत जायचा आवाज, मग तिसरी. टोस्टरमधला टोस्ट जळाल्याचा वास आला तरी मी उठले नाही. मला कामाला जायला उशीर होत होता, आणि मी फोन दोन्ही हातांनी कानाला धरून बसले होते.

दहावी वेल झाल्यावर कात्री थांबली. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग काका म्हणाले, "साडेचार, ताई." मी म्हटलं, "बरं, काका."

त्यांनी फोन ठेवल्यावर मी ठेवला.